सोडलं तुला

मधल्या सुट्टीत शाळेच्या अंगणात पोरी टाळ्या वाजवत गाणं म्हणत होत्या. वरच्या मजल्यावर, शिक्षकांच्या खोलीत, इन्शिराह व्याकरणाच्या वह्या तपासत बसली होती. चाल कानावर पडली आणि तिचं लाल पेन मध्येच थांबलं. ते तिचं गाणं होतं. शब्द तिचे, चाल उस्ताद फिक्रींची, आणि गाणार होती शाहिनाज, जिचा आवाज त्या वर्षी अलेक्झांड्रियातल्या प्रत्येक चहाच्या दुकानात वाजत होता. कॅसेट निघणार, निघणार म्हणून ती कधीपासून वाट पाहत होती. निघाली हे मात्र तिला कोणी कळवलं नव्हतं.

ती खिडकीशी गेली. 

"भाकर मोडली दोघांनी, मीठ एकाच ताटात," खाली पोरी म्हणत होत्या. मग टाळीचा जोर वाढला, "किल्ली रोवलीस मिठात अन् सोडलंस मला!"

पोरी चुकल्या असं तिला वाटलं. पोरी चुकतातच. ती तशीच पेन हातात घेऊन जिना उतरली.

"मनार, शेवटची ओळ पुन्हा म्हण."

मनार ही वर्गातली सगळ्यात मोठ्या आवाजाची पोरगी. ती ओशाळली. "मिस, नवीन गाणं आहे."

"ते कळलं. ओळ म्हण."

"सोडलंस मला."

"किल्ली रोवली मिठात अन् सोडलं तुला. तुला."

"नाही मिस, मलाच आहे. आमच्याकडे कॅसेट आहे ना! माझी आई ऐकून ऐकून रडतेय. म्हणते, टाकलेल्या बाईचं दुःख असं कोणी लिहिलंच नव्हतं."

टाकलेल्या बाईचं. इन्शिराहला पुढचं काही ऐकू आलं नाही. ती परत वर आली तेव्हा गणिताच्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. कॅसेटच्या कागदावर छापलेलं तिचं नाव त्यांनी वाचलं होतं. "किती सोसलंस गं," त्या म्हणाल्या. "बोलली नाहीस कधी."

त्या हाताखालून खांदा काढून घेताना इन्शिराहला वाटलं, आपण आता काहीतरी फोडणार आहोत. तिने वह्यांचा गठ्ठा उचलला आणि टेबलावर आपटला. त्याने कोणाचंच काही बिघडलं नाही.

टाकलेली हा शब्द तिला नवा नव्हता. नवऱ्याचं, मितवल्लीचं, घर सोडून ती भावाकडे, जाबिरकडे, राहायला आली त्या दिवसापासून तो तिच्या मागे लागला होता. मितवल्लीचं मन्शिय्या बाजारात पंख्यांचं आणि दिव्यांचं दुकान. मारणारा माणूस नव्हता तो. पण पाहुण्यांसमोर तिने तोंड उघडलं की वाक्य तो पूर्ण करायचा. "तिला म्हणायचंय की," असं म्हणून तिला जे म्हणायचं नसे तेच सांगायचा. तिने लग्नाच्या गाण्यांसाठी लिहिलेल्या ओळी तो मित्रांना आपल्या म्हणून ऐकवायचा आणि वर तिच्याकडे बघून डोळा मारायचा. जेवायला बसला की पहिल्या घासाला ओरडायचा, "मीठ!" मग ती उठायची, आत जायची, वाटीत मीठ आणायची. त्या घरातली सगळी वर्षं ती त्या एका शब्दावर उठत आली होती.

एके दिवशी दुपारी तो दुकानात असताना तिने कपडे भरले. घराची किल्ली कुठे ठेवायची याचा विचार करत ती ओट्याशी उभी राहिली, आणि मग तिने ती निळ्या झाकणाच्या बरणीत, मिठात, पार खाली रोवली. दार ओढून घेतलं आणि निघाली. तलाक मिळवायला कोर्टाच्या पायऱ्या तिनेच झिजवल्या. पण बाजारात मितवल्लीने सांगितलं, मी टाकली तिला. जाताना घराची किल्लीसुद्धा चोरून घेऊन गेली. बाजाराने ते मानलं. बाजाराला ते सोपं पडतं.

म्हणून तिने हे गाणं लिहिलं होतं. फिक्रींच्या घरी, त्यांच्या ऊद या तंतुवाद्याशेजारी बसून, एकेका शब्दावर भांडत.

"किल्ली फेकली मिठात," फिक्री म्हणाले होते. "'फेकली'त जोर आहे. चालीत मस्त बसतं."

"फेकणारी बाई रागात असते, उस्ताद. राग उतरला की परत येते. रोवणारी येत नाही."

फिक्रींनी तारेवर बोट फिरवलं आणि मान हलवली. "बरं, रोवली. आणि शेवटी 'गेले मी' कर. छोटं, मोकळं."

"गेले म्हटलं की लोक विचारणार, कुठे गेली, कोणाबरोबर गेली. सोडलं म्हटलं की एकच प्रश्न उरतो. कोणाला. आणि त्याचं उत्तर त्याच ओळीत आहे. तुला."

फिक्री हसले होते. बायकोला हाक मारून म्हणाले होते, "अगं, चहा ठेव. ही बाई मला लिहायला शिकवतेय."

आता शाळा सुटल्यावर ती थेट त्याच घरी गेली. दार फिक्रींनीच उघडलं, आणि तिचा चेहरा पाहून ते दारातच थोडे बाजूला सरकले.

"कॅसेट निघाली," ती म्हणाली.

"हो. म्हणजे... कळवणारच होतो."

"कोणी बदललं?"

"आत तर ये, इन्शिराह. शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत. शहर ऐकतंय, शेजाऱ्यांनी काय घोडं मारलंय? कोणी बदललं?"

फिक्री खुर्चीत बसले. "रेकॉर्डिंगच्या वेळी हाज बयूमी आले होते. कंपनी त्यांची, पैसा त्यांचा. म्हणाले, बाई नवऱ्याला सोडून जाते असं गाणं टॅक्सीवाला वाजवेल का? शाहिनाजने एकदा तसं गाऊन बघितलं. छान वाटलं. चालीला धक्का नाही गं लागला. तुला काय, मला काय, दोन्हीकडे शेवटी 'ला'च. आवाज तसाच खुलतो."

"चालीला धक्का नाही लागला."

"अगदी नाही."

"तुमच्या चालीला नाही लागला, उस्ताद. आणि तुम्ही तिथे बसून होतात."

"मी काय करणार होतो?"

"ऊद खाली ठेवणार होतात!" ती ओरडली. आतून त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन आली आणि तशीच मागे गेली. "एवढंच करायचं होतं. वाजवायचं थांबवायचं होतं. 'रोवली' आणि 'फेकली' यावर तुम्ही माझ्याशी अख्खी संध्याकाळ भांडलात. आणि माझ्या नवऱ्याचं खोटं माझ्याच तोंडात कोंबत होते तेव्हा तुम्ही सूर जुळवत बसलात?"

फिक्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते पाहून तिला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत रजा टाकून अत्तारीनमधल्या हाज बयूमींच्या कचेरीत गेली. खोलीत भिंतभर कॅसेटची खोकी होती. हाज बयूमी जाडजूड, आनंदी माणूस. बोटांत मण्यांची माळ फिरवत त्यांनी तिला खुर्ची दिली.

"या, या, सित्त इन्शिराह! मुबारक! कैरोहूनसुद्धा मागणी येतेय."

"माझा शब्द बदलायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुठला शब्द? अच्छा, ते होय! अहो, एक अक्षर इकडचं तिकडे झालं."

"हाज, तुमच्या कंपनीच्या पाटीवर 'विकणे आहे' असं एक वाक्य लिहू का? दोनच शब्द आहेत."

हाज खळखळून हसले. "जीभ आहे तुम्हाला! पण धंदा आम्हाला कळतो. सोडून जाणाऱ्या बाईची लोकांना भीती वाटते. टाकलेल्या बाईची दया येते. दयेची कॅसेट विकली जाते. आणि सोडून गेलेली बाई गाणं कशाला गाईल? ती सुटली की."

"माझं नाव काढून टाका त्यावरून."

"छापून झालंय. आणि खरं सांगू? राग मानू नका. नाव शाहिनाजचं विकतं. तुमचं खाली, बारीक अक्षरात आहे. कोण वाचतं?"

"बारीक अक्षर मी आयुष्यभर वाचत आलेय," ती उठली. "शाळेतल्या पोरी वाचतात. शिक्षिका वाचतात. ज्याने वाचायला नको तोसुद्धा वाचेल."

आणि त्याने वाचलंच. आठवडाही गेला नसेल, तिची भावजय नईमा बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आली, ती ओट्यावर ठेवली आणि हळूच म्हणाली, "चिडू नकोस."

"म्हणजे चिडण्यासारखं आहे."

"मितवल्लीने दुकानाबाहेर कर्णा लावलाय. सकाळपासून तुझंच गाणं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, माझ्यावर लिहिलंय तिने. अजून रडते म्हणतो माझ्यासाठी. शेवटी कबूल केलं म्हणतो."

इन्शिराहने डोक्यावरचा रुमाल बांधला.

"अगं, कुठे चाललीस? जाबिर येऊ दे, तो बोलेल त्याच्याशी."

"वहिनी, माझ्या वतीने बोलणारे मला पुष्कळ मिळाले."

नईमाने भाजीची पिशवी बाजूला सारली. मग तिनेही रुमाल बांधला. "थांब, मी येते. तू एकटी गेलीस तर काहीतरी डोक्यात घालशील त्याच्या, आणि मला ते बघायला मिळणार नाही."

मन्शिय्याच्या त्या गल्लीत शिरण्याआधीच गाणं ऐकू आलं. दुकानात गर्दी होती. उन्हाळा तोंडावर आलेला, लोक पंखे बघत होते. दोन बायका एका टेबलपंख्याचा भाव करत होत्या. मितवल्लीची नवी बायको रावया जेवणाचा डबा घेऊन आलेली, मागच्या स्टुलावर बसली होती. इन्शिराहने तिला पहिल्यांदाच पाहिलं. शांत, सडपातळ, हात मांडीवर.

मितवल्लीला तिला पाहून आश्चर्य वाटलं नाही. त्याला मजा वाटली. "ये, इन्शिराह! बस. चहा मागवू? गाणं झकास लिहिलंयस. मी म्हणायचो ना सगळ्यांना, हिला शब्द चांगले सुचतात."

"आवाज कमी कर."

"का? लोकांना ऐकू दे. लाजायचं काय त्यात? माणसाच्या मनात जे असतं ते बाहेर येतंच." तो गिऱ्हाइकांकडे वळला. "तिला म्हणायचंय की..."

"मला काय म्हणायचंय ते मी म्हणेन," इन्शिराह म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. पंख्याचा भाव करणाऱ्या बायका वळल्या. "मितवल्ली, एकच विचारते. हे गाणं तुझ्यावर आहे ना?"

"तूच लिहिलंस."

"गाण्यात तू किल्ली मिठात रोवलीस. बरोबर? मग सांग. आपल्या घरात मीठ कुठे असायचं?"

मितवल्ली हसला. "हा काय प्रश्न झाला?"

"सोपा प्रश्न आहे. मीठ कुठे असायचं?"

"स्वयंपाकघरात. आणखी कुठे?"

"स्वयंपाकघरात कुठे? कशात? बरणी कुठल्या रंगाची?"

त्याने इकडे-तिकडे पाहिलं. त्या दोन बायकांपैकी वयस्कर होती तिने पंखा खाली ठेवला आणि रुमालाचं टोक तोंडाला लावलं. "मीठ कुठे आहे ते बघायचं काम बायकांचं," तो म्हणाला. "मी काय बरण्या मोजत बसू?"

"हेच!" इन्शिराह टाळी वाजवावी तशी म्हणाली. "हेच ऐकायचं होतं. ज्याने जन्मात बरणी पाहिली नाही, तो तिच्यात किल्ली रोवून गेला म्हणे. ती मी रोवली. मी सोडलं. तुला. आणि तू गावभर सांगितलंस की मी किल्ली चोरली."

"खोटं बोलतेस. मी घर पालथं घातलं होतं. कुलूप बदलावं लागलं मला."

"घर पालथं घातलंस. बरणी नाही घातलीस."

तेव्हा मागच्या स्टुलावरून आवाज आला. मोठा नव्हता, पण कॅसेटची बाजू नेमकी तेव्हाच संपली होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आला.

"निळं झाकण," रावया म्हणाली. "खालच्या फळीवर, पिठाच्या डब्याच्या मागे. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मिळाली मला. तळाशी होती."

मितवल्ली वळला. "आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"कुठे आहे ती?"

"आहे माझ्याकडे," रावया म्हणाली, आणि डबा उघडून जेवण काढू लागली.

वयस्कर गिऱ्हाईक बाई आता उघड हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पोरा," ती मितवल्लीला म्हणाली, "पंखा राहू दे. आज दुकानात वारा बराच आहे."

इन्शिराहला हसू आलं नाही. बाहेर आल्यावर ती झपाझप चालू लागली. नईमा मात्र रस्ताभर हसत राहिली, मध्येच थांबून भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "बरणी नाही घातलीस!"

गोष्ट पसरली, ती नईमानेच पसरवली. पण पसरायला ती सोपीही होती. बायका घरी जाऊन नवऱ्यांना विचारू लागल्या, मीठ कुठे आहे सांग बघू. काहींची त्यावरून भांडणं झाली. मितवल्लीच्या दुकानावरून जाणाऱ्या बाया आत डोकावून मिठाचा भाव विचारायच्या. त्याने कर्णा काढला. आणि मेंदीच्या कार्यक्रमांत, जिथे बायका बायकांसाठी गातात, तिथे तो शब्द आपोआप जागेवर आला. कोणीतरी "सोडलंस मला" म्हटलं की चार जणी ओरडायच्या, "हट्, त्याला काय माहीत मीठ कुठे!" आणि सगळ्या मिळून म्हणायच्या, सोडलं तुला.

मग अन्फूशीतल्या एका मोठ्या लग्नात शाहिनाज गायला उभी राहिली. ती ओळ आली. तिने 'मला' म्हटलं आणि समोरच्या सगळ्या बायकांनी तिच्यापेक्षा आवाज चढवून 'तुला' म्हटलं. तिने पुन्हा घेतली, त्यांनी पुन्हा म्हटलं, यावेळी टेबलं वाजवून. वाद्यं अडखळली. शाहिनाजचा चेहरा पडला.

तिने इन्शिराहला बोलावणं पाठवलं. इन्शिराहने कळवलं, मी येणार नाही. काम तिचं आहे, तिने यावं. आणि शाहिनाज आली. काळा चष्मा, उंच टाचा, जाबिरच्या घराच्या अरुंद जिन्यावर भिंतीला हात टेकत. नईमाने घरातल्या चांगल्या कपांत कॉफी केली आणि दाराआड उभी राहून ऐकत राहिली.

"लोकांसमोर माझी शोभा झाली," शाहिनाज म्हणाली.

"माझी रोज होतेय. प्रत्येक टॅक्सीत."

"मला वाटलं नव्हतं एवढं होईल. हाज म्हणाले, आणि... हे बघ, माझा नवराच माझे कार्यक्रम ठरवतो. तो बाजूलाच बसला होता. त्याच्यासमोर 'सोडलं तुला' गाताना माझा आवाज आत जात होता. 'मला' म्हटल्यावर मोकळा झाला."

इन्शिराहला या बाईची दया येईल असं क्षणभर वाटलं. पण आली नाही. "मग तुझ्यासाठी वेगळं गाणं मागायचं होतंस. तुला भीती वाटते तर भीतीचं गाणं लिहून दिलं असतं, तेही चांगलं झालं असतं. तू माझं खरं घेतलंस आणि त्याचं खोटं केलंस. ते का? तर तुझा आवाज मोकळा व्हावा म्हणून."

"मग आता काय करू?"

"गा."

"इथे?"

"इथे. चष्मा काढ आणि गा."

शाहिनाजने चष्मा काढला. डोळ्यांखाली काळं पसरलेलं होतं. ती पहिल्यांदा पुटपुटली, मग खाकरली, मग नीट गायली. शेवटच्या शब्दावर तिचा आवाज खरोखरच आत गेला, बारीक झाला, तुटेल असं वाटलं. तुटला नाही. दाराआडून नईमाने कप ठेवल्याचा आवाज आला.

"असंच गा," इन्शिराह म्हणाली. "हेच खरं आहे. सोडताना असाच जातो आवाज."

त्यानंतर शाहिनाज कार्यक्रमांत 'तुला' म्हणू लागली. कॅसेट मात्र हाज बयूमींनी बदलली नाही. विकली जात होती, कशाला बदलतील? त्यामुळे शहरात दोन गाणी चालत राहिली. बाजारात एक, बायकांच्या मैफिलीत दुसरं. इन्शिराहचा राग गेला नाही. बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानासमोर, समुद्राकाठी ते 'मला' कानावर आलं की तिच्या जबड्याचे स्नायू घट्ट व्हायचे. गणिताच्या बाईंनी माफी मागितली, ती तिने घेतली. फिक्री दोनदा येऊन गेले, तिने दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा ते ऊदशिवाय आले, जिन्यातच उभे राहून म्हणाले, "चूक माझी होती. मी थांबायला हवं होतं." त्या दिवशी तिने त्यांना आत घेतलं. चहा दिला, पण साखर विचारली नाही.

पुढचं गाणं शाहिनाजने मागितलं, हाज बयूमींना ते हवंच होतं. इन्शिराहने एकच अट घातली: रेकॉर्डिंगला मी बसणार. हाज म्हणाले, अशी रीत नाही. ती म्हणाली, मग गाणंही नाही. शेवटी स्टुडिओत तिच्यासाठी एक खुर्ची आली, काचेच्या आत, गायिकेच्या समोर.

गाणं एका कामगार बाईचं होतं. रात्रपाळी संपवून घरी जाणारी, थकलेली, कोणाची वाट न बघणारी. दुसऱ्या कडव्यात एक ओळ होती: "पायातले जोडे हातात घेतले." हाज बयूमींनी काचेवर बोटाने टकटक केलं आणि आत आले.

"सित्त इन्शिराह, एक सुचवू? राग नको. 'जोडे' बरं नाही वाटत. 'अश्रू' करू या. अश्रू हातात घेतले. काय सुंदर!"

वादकांनी हात थांबवले. शाहिनाजने खाली पाहिलं. फिक्रींनी एकदा इन्शिराहकडे पाहिलं, मग ऊद मांडीवरून उचलला आणि जमिनीवर ठेवला.

"हाज," इन्शिराह म्हणाली, "ती रडत नाहीये. तिचे पाय दुखतायत."

"पण लोकांना..."

"तिचे पाय दुखतायत," ती पुन्हा म्हणाली, अगदी सावकाश, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. "म्हणून तिने जोडे काढले. तुम्ही बाहेर जा आणि दार लावून घ्या."

हाज बयूमींनी माळेचे मणी भराभर सरकवले. मग ते बाहेर गेले. दार मात्र उघडंच टाकून गेले, तेव्हा शाहिनाज उठली आणि तिने ते लावून घेतलं.